बोकड विकायचे नाहीत

येत्या पौर्णिमेला आपल्या मंडळाची सभा आहे आणि सभेत बकऱ्यांचा विषय निघणार आहे. निघाला की काय होतं ते मला ठाऊक आहे. चारचौघी एकदम बोलायला लागतील, तानबाजी गुरुजी चष्मा पुसत बसतील, चहा आला की विषय बाजूला पडेल. म्हणून जे पाहून आले ते आधीच लिहून काढते. आपण बकऱ्या पाठवल्या ती वस्ती आपल्यापैकी कोणीच पाहिलेली नव्हती, तेव्हा सगळ्यांनी हे वाचावं, नाहीतर कोणाकडून वाचून घ्यावं. माझं अक्षर वाईट आहे, त्याला इलाज नाही. जन्मभर बाळंतपणं केली, कित्ते गिरवले नाहीत.

नवीन बायांसाठी मागचं थोडक्यात सांगते. झरीकडच्या एका गावात आपल्या लोकांनी बुद्धाची दीक्षा घेतली आणि गावाची मेलेली ढोरं ओढायचं काम सोडलं. मग गावानं त्यांचं पाणी तोडलं, मजुरी तोडली, दुकानातलं मीठसुद्धा बंद केलं. वर्षभर त्यांनी कळ काढली. शेवटी झोपड्यांना आगी लागल्या, कशा लागल्या ते कोणी सांगत नाही, आणि ती सात-आठ घरं लेकरं-बाळं घेऊन जंगलाच्या कडेला जाऊन राहिली. आपल्या गुरुजींनी निर्वासितांची मदत मिळावी म्हणून कचेरीत अर्ज केला, तर तिथला कारकून म्हणाला, "निर्वासित म्हणजे फाळणीवाले. यांचं गाव तर जागेवर आहे." गाव जागेवर आहे, खरंच आहे. माणसं तेवढी बेघर झाली.

मग आपण घराघरातून मूठमूठ जोंधळा बाजूला काढला, तो विकून बकऱ्या घेतल्या आणि पाठवल्या. गुरुजींनी ठराव मांडला होता, तो तुम्हाला आठवत असेल. बकऱ्या दुधासाठी. बोकड कसायाला विकायचे नाहीत. जिवंत प्राण्यांचा आणि मांसाचा व्यापार उपासकाला वर्ज्य आहे, आपल्या दानातून कोणाच्या मानेवर सुरी फिरता कामा नये. किती छान वाटलं होतं ऐकताना! आपण सगळ्यांनी हात वर केले.

आता आणखी एका गावची घरं बाहेर पडली आहेत आणि त्यांनीही बकऱ्या मागितल्या आहेत. पहिल्या बकऱ्यांचं काय झालं ते पाहून या, असं मंडळानं सांगितलं. अध्यक्ष म्हणून तानबाजी गुरुजी आणि तिथं एक बाळंतीण आहे म्हणून मी, असे दोघं निघालो.

पांढरकवड्यापर्यंत

गुरुजींबरोबर प्रवास करणं म्हणजे शाळेच्या पाहणीला साहेबाबरोबर जाणं. धोतर पांढरं, टोपी पांढरी, पिशवीत वंदनेचं पुस्तक आणि हातात पाण्याची सुरई. मी म्हटलं, गुरुजी, मातीची सुरई मोटारीत टिकायची नाही, तांब्या घ्या. म्हणाले, "तांब्यात पाणी तापतं, अनसूयाबाई." पांढरकवड्याच्या स्टँडवर कोणाची तरी लोखंडी पेटी टपावरून खाली आली आणि सुरईचं तोंड तेवढं गुरुजींच्या हातात राहिलं. ते तोंड त्यांनी बराच वेळ टाकलं नाही. मला हसू आवरेना, मग त्यांनाही आलं. त्या सगळ्या प्रवासात आम्ही हसलो ते तेवढंच.

स्टँडवर भजी खाल्ली. तेल जुनं होतं, पण मिरची ताजी होती. पुढची मोटार येईना, तेव्हा बांबू घेऊन परतणाऱ्या एका ट्रकवाल्यानं आम्हाला मुकुटबनच्या अलीकडे सोडलं. चैत्राचे दिवस. साग उघडे पडलेले, जमीन तापून पांढरी झालेली, पळसाची फुलंसुद्धा गळून गेलेली. आपल्याकडे यवतमाळात या दिवसांत निदान विहिरीच्या कडेला हिरवं दिसतं. इथं हिरवं म्हणजे फक्त मोहाची कोवळी पानं, आणि खाली पडलेल्या फुलांचा तो गोड उग्र वास. बाया-पोरी टोपल्या घेऊन फुलं वेचत होत्या. गुरुजी म्हणाले, "यांची दारू करतात." मी म्हटलं, "भाकरपण करतात, गुरुजी. जोंधळा नसला की."

पुढे पायवाट होती. एका कोलामांच्या पोडाजवळ, म्हणजे त्यांच्या वस्तीजवळ, पाणी मागितलं. एका म्हाताऱ्यानं तुंब्यातून पाणी दिलं आणि कुठं चाललात म्हणून विचारलं. सांगितल्यावर तो गुरुजींच्या टोपीकडे पाहत राहिला.

"तुमीच दिल्या का बकऱ्या त्याइले?"

"हो, आमच्या मंडळानं दिल्या," गुरुजी म्हणाले.

"मेलेल्या आमाले द्या म्हन्लं तं देत नाईत. पुरून टाकतेत. लय कष्टानं खड्डा खनतेत बापा."

त्यानं हे टोचून म्हटलं नव्हतं, कोडं पडल्यासारखं म्हटलं होतं. मी विचारलं, मेल्या किती? तर त्यानं नुसता हात हवेत फिरवला.

वस्ती

वस्ती दिसायच्या आधी वास आला. बाई गं, काय वास! माजावर आलेल्या बोकडाचा वास ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांना माहीत नाही त्यांना सांगून कळणार नाही. तसा एक बोकड अख्खी गल्ली घाण करतो. इथं बोकडांचा कळपच होता. एकमेकांना टकरा देत होते, बकऱ्यांच्या मागे लागत होते, छपरांचं गवत ओढून खात होते. बकऱ्या हाडकुळ्या, कास सुकून कातड्याला लागलेली. करडं उभी राहत होती आणि पुढच्या पायांवर बसत होती.

लोकांनी मात्र आमचं स्वागत असं केलं की मला लाज वाटली. मोहाच्या झाडाखाली दगडांचा ओटा सारवून ठेवला होता, त्यावर कागदावर छापलेली बुद्धाची तसबीर, तिला पिवळी फुलं. आपला विहार पक्का, फरशीचा. यांचा हा ओटा. पण आपल्याकडे वंदनेला बोलावून बोलावून माणसं येतात, इथं सगळी वस्ती हात जोडून उभी होती. राघोजी नावाचा म्हातारा त्यांचा म्होरक्या. उंच, वाकलेला, आणि हातांना घट्टे.

"नमो बुद्धाय गुरुजी. नमो बुद्धाय माय. थकले असान. बसा."

गुळाचा खडा आणि पाणी दिलं. तो गूळ किती दिवस जपून ठेवला असेल कोण जाणे, बाहेरून काळा पडला होता. मग जेवण. अंबाडीची भाजी, मोहाची फुलं घालून केलेली भाकर आणि ठेचा. भाकरीत जोंधळा नावालाच. आम्ही जेवलो तेव्हा बायांनी पोरांना ओढ्याकडे पिटाळलं होतं, ते मला मागाहून कळलं.

मी राघोजींना सरळच विचारलं, "बुवा, इतके बोकड काहून ठेवले? खच्ची तरी करून टाकायचे."

राघोजी गुरुजींकडे पाहून बोलले, "नाई माय. ठेचलं तं जिवाले दुख होते. आमी शील घेतलं हाय."

म्हणजे ऐकलंत का? आपण सांगितलं होतं विकू नका. यांनी त्यापुढे जाऊन खच्चीसुद्धा केले नव्हते. गावात असताना बोकड ठेचायचं काम यांचंच होतं, ते त्यांना येत नाही असं नाही. पण दीक्षा घेतली ती पुरी पाळायची, अर्धी नाही, असं त्यांनी आपसात ठरवलं होतं. एकही बोकड विकायचा नाही, मारायचा नाही, ठेचायचा नाही, जंगलात सोडायचाही नाही, कारण जंगलात बिबट्या आहे. मग ते वाढले. पाला त्यांनी खाल्ला. कोवळ्या बकऱ्या वेळेआधी गाभण राहिल्या, अशक्त करडं व्यायल्या, दूध आटलं. आणि उन्हाळा लागल्यावर एकेक मरायला लागली. आपल्या घरी बसून जे पुण्य वाटलं होतं ते इथं पाय ताणून पडलं होतं.

आम्ही बोलत होतो तेवढ्यात कुंपणाशी एक बकरी पडली. पडली ती उठली नाही. राघोजी उठले, छपराला अडकवलेला अंबाडीचा दोर घेतला, तिच्या मागच्या पायांना गाठ मारली आणि ओढत ओढ्याकडे न्यायला लागले. पाठ वाकवून, मान खाली घालून, दोर खांद्यावरून घेतलेला. ती चाल सवयीची होती. गुरुजी एकदम उभे राहिले. ती चाल त्यांनीही लहानपणी आपल्या बापाची पाहिली असणार.

राघोजी खड्ड्याशी थांबले आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "जुना दोर मी गावाच्या शिवेवर फेकून आल्तो, गुरुजी. थुकलो त्याच्यावर. हा इथं आल्यावर वळला, जित्या बकऱ्या बांधाले म्हून."

मेलेलं ओढणार नाही म्हणून ज्या माणसानं गाव सोडलं, त्याला आपण रोज मेलेलं ओढायला लावलं होतं. तेही दान म्हणून.

चंद्रभागा

बाळंतीण राघोजींची सून, चंद्रभागा. वय असेल विशीचं. पोट्टी दोन महिन्यांची, पण हातात घेतली तर काही हातात आल्यासारखं वाटलं नाही. टाळू खोल गेलेली, रडणं मांजरीच्या पिलासारखं. आईच्या छातीत दूध नाही. कुठून येईल? अंबाडी आणि मोह खाऊन दूध येत असतं तर काय पाहिजे होतं. मी दवाखान्यातून आणलेली दुधाची भुकटी दिली, उकळून पाजायला शिकवलं. पण डबा एकच, तो काय जन्माला पुरणार होता?

"धनी कुठं गेले तुझे?"

ती पोट्टीला थोपटत राहिली. सासऱ्यानं सांगितलं. नामदेव, म्हणजे तिचा नवरा, जुन्या गावी गेला होता. पाटलाचा निरोप आला होता. या परत, पांढरीत, म्हणजे गावठाणात, जागा देतो, खळ्यावरचं धान्य देतो, लेकराला दूध देतो. काम तेवढं पहिल्यासारखं करा. म्हणजे ढोरं ओढा. आणि तो बुद्धबिद्ध घरात ठेवू नका.

"फकस्त पाहून येतो म्हन्ला," राघोजी म्हणाले. "तो गेला तं बाकीचेबी जातेत, दाईबाई. सारेच त्याच्याकळे पाहून राह्यले. हे वस्ती मोळली समजा."

मी विचारलं, बोकड विकले तर? राघोजी म्हणाले, तर जोंधळा येईल, पाऊस पडेपर्यंत निभेल, मग जंगल तोडून काढलेल्या जमिनीत पेरू. सगळं त्यांना माहीत होतं. फक्त शील घेतलं होतं, आणि आपण अट घातली होती.

मी तरातरा गुरुजींकडे गेले. ते ओट्यापाशी बसले होते.

"गुरुजी, अट काढा."

"ठराव सभेचा आहे, अनसूयाबाई. माझ्या एकट्याचा नाही."

"सभा यवतमाळात, पोट्टी इथं! सभेला विचारून येईपर्यंत हिला पुरावं लागेल."

गुरुजी चिडले नाहीत, चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. हळू बोलले. "तुम्हाला वाटतं मी पुस्तकातलं बोलतो. ऐका. हजारो वर्षं गावानं काय केलं? आपली घाण आपल्या हातानं काढायची नाही, ती दुसऱ्याच्या अंगावर टाकायची आणि स्वतः पवित्र राहायचं. मेलेलं ओढायला आपण. आता आपण बोकड पोसायचे, वाढवायचे, आणि सुरी खाटकाच्या हातात द्यायची. पैसा आपला, रक्त त्याचं. मग आपल्यात आणि त्या पाटलात फरक काय?"

खोटं कशाला सांगू, मला उत्तर आलं नाही. अजूनही आलेलं नाही. ज्यांना येत असेल त्यांनी पौर्णिमेला सांगावं. पण माझ्या डोळ्यांपुढे ती टाळू होती.

"मग बकऱ्या द्यायच्याच नव्हत्या," मी म्हटलं. "बकरी व्यायली की निम्मे बोकडच होणार, हे आपल्यापैकी कोणाला माहीत नव्हतं? आणि आपल्याकडे इतवारी घरोघरी मटण शिजतं, तेव्हा ठराव कुठं जातो?"

"मी खात नाही."

"तुम्ही नाही खात, तुमचा लेक खातो. मी पण खाते. आपण खायचं आणि यांनी पाळायचं! शील शिकवायला भुकेलेच बरे सापडले आपल्याला."

गुरुजींनी चष्मा काढला आणि तो हातातच धरून बसले. मी म्हटलं, ठीक आहे. यांनी विकायचे नाहीत ना? हे नाही विकणार. मी विकते.

"कर्म असं उचलून दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवता येत नाही, बाई. ते टोपलं नाही."

"बघते येतं का ठेवता. मी दाई आहे, मला रक्ताची सवय आहे."

बाजार

मुकुटबनचा बाजार दुसऱ्या दिवशी होता. राघोजींनी स्वतः बोकड निवडले नाहीत, मलाच निवडायला लावले. दोन धडधाकट होते ते घेतले. दोघांना एकाच दोराच्या दोन टोकांना बांधलं. तोच दोर, दुसरा नव्हताच. वस्तीतले लोक दारात उभे राहून पाहत होते, कोणी हो म्हणालं नाही, कोणी नाही म्हणालं नाही. एका बाईनं येऊन माझ्या हातात बोरीच्या पाल्याची डहाळी दिली. म्हणाली, "हे दाखवत न्या. वळत नाई मंग ते." आणि तोंड फिरवून गेली.

वाटेत ओढायची वेळच आली नाही. मी पुढे डहाळी धरून आणि ते दोघं मागे. थांबले की मी दोन पानं द्यायची. एकानं माझ्या तळहाताला आलेला घाम चाटला, खारट म्हणून. त्याची जीभ खरखरीत होती. जन्मभर मी जीव या बाजूला ओढून आणला, आणि आज जीव त्या बाजूला घेऊन चालले होते, तोही फसवून, पाला दाखवून. मला रडू आलं. रस्त्यात कोणी नव्हतं, म्हणून मी मोकळेपणी रडले आणि चालत राहिले.

बाजारात खाटकानं बोकडाच्या पाठीवरून अंगठा फिरवला, मांड्या चाचपल्या, शेपटीखाली पाहिलं.

"खच्ची काहून नाई केला, बाई? याचं मटन वास मारते. आन हाडकं हायेत नुसती."

मी म्हटलं, "पाळणाऱ्याला ठेचवेना."

तो हसला नाही. माझ्याकडे नीट पाहून म्हणाला, "वरच्या वस्तीतले का? मागं एकदा गेल्तो मी इचाराले. हात जोडून नाई म्हन्ले. चांगले लोक हायेत." मग त्यानं दोर सोडला, गुंडाळून माझ्या हातात दिला आणि बोकडांना स्वतःच्या दोरीनं बांधलं. मी मागे वळून पाहायचं नाही असं ठरवलं होतं, पण एका बोकडानं मागून हाक मारली आणि मी वळले. डहाळी अजून माझ्या हातात होती. ती त्याच्यापुढे टाकली आणि निघाले.

जोंधळा घेतला, गूळ घेतला, थोडं तेल, चंद्रभागेसाठी डिंक आणि मेथी. जोंधळ्याचं पोतं एका गाडीवाल्यानं पोडापर्यंत आणून दिलं, तिथून पोडातल्या दोघांनी वस्तीवर पोचवलं. बाजारात मटकीच्या उसळीचा वास येत होता आणि मला भूकही होती, पण खाववलं नाही.

नामदेव

मी पोचले तेव्हा उन्हं उतरली होती. चंद्रभागेच्या दारात एक तरणा माणूस बसला होता. नवं धोतर नेसलेला. बाजूला एक गाठोडं. राघोजी त्याच्याकडे पाठ करून उभे होते आणि गुरुजी दोघांच्या मध्ये, काय करावं ते न कळून. मी ओळखलं की हा नामदेव.

मी पोतं दाखवलं. "हे पहा, जोंधळा आणला. पाऊस लागेपर्यंत आणखी आणता येईल. बोकड आहेत अजून. आता जायचं कारण नाही."

नामदेव उठून उभा राहिला. मोठ्या माणसापुढे राहतात तसा, अदबीनं. "माय, एक दिवस आधी आणला असता तं बरं झालं असतं."

"काय झालं?"

"मी हो म्हून आलो."

"मग नाही म्हणून ये!"

"कसं म्हनू? त्याइच्या खळ्यावरचं खाल्लं. हे धोतर त्याइचंच." तो थांबला. "आन काल एक बैल मेल्ता."

राघोजी वळले आणि लेकाच्या हातांकडे पाहत राहिले. मीही पाहिलं. हात धुतलेले होते, पुष्कळ धुतलेले.

गुरुजी पुढे झाले. मी त्यांना इतकी वर्षं ओळखते, त्यांचा आवाज असा फाटलेला कधी ऐकला नव्हता. "नामदेव, अट काढली. मी काढली. सगळे बोकड विका, काय वाटेल ते करा. सभेला मी तोंड देईन. पण तू जाऊ नको."

"गुरुजी, तुमचा राग नाई मले," नामदेव म्हणाला. "बोकड सरल्यावर काय मंग? पुन्हा तुमी मूठमूठ जमवसान? पोट्टीले रोज दूध पाहिजे. तिथं म्हैस हाय."

चंद्रभागा उठली. आत जाऊन तिनं तव्यावर माझ्याच जोंधळ्याची भाकर टाकली, सगळ्यांना वाढली. मी डिंक कसा कुटायचा ते तिला सांगत बसले. त्या संध्याकाळी वंदना झाली. गुरुजी नेहमीसारखे पुढे बसले. पहिलं शील, जीवहत्या न करण्याचं, म्हणताना त्यांचा आवाज अडकला आणि माझं तर तोंडच उघडलं नाही. वस्तीतल्या लोकांनी मात्र ते स्पष्ट, खणखणीत म्हटलं, राघोजींनी सगळ्यांत मोठ्यानं. नामदेव ओट्यापासून लांब, पारोशा माणसासारखा बाहेर उभा होता.

सकाळ

सकाळी ते निघाले. एक गाठोडं, एक मडकं, चंद्रभागेच्या खांद्याला झोळी आणि झोळीत पोट्टी. दुधाचा डबा मी झोळीतच ठेवला. आणखी दोन घरांनी रात्रीतून बांधाबांध केली होती, तीही मागोमाग निघाली. बाकीचे राहिले. जोंधळा होता म्हणून राहिले, की राघोजी राहिले म्हणून, ते मी विचारलं नाही.

राघोजी दारातल्या दगडावर बसले होते. त्यांनी नातीला जवळ घेतलं, तिच्या टाळूवर तेल लावलं आणि परत दिली. नामदेव त्यांच्या पाया पडला. पडला आणि तिथंच घुटमळला.

"काय पाहिजे?" राघोजींनी विचारलं.

"बावा, दोर."

बाजारातून आल्यावर मी तो दोर परत छपराला अडकवला होता.

"दोर कायले?"

नामदेव खाली पाहत म्हणाला, "तिथं लागन."

राघोजींनी तेलाचा हात धोतराला पुसला. मग उठले, दोर काढला, त्याचे पीळ हातानं चाचपून पाहिले, कुठं झिजला आहे का ते, आणि लेकाच्या हातात दिला. नामदेवानं तो गुंडाळून खांद्यावर टाकला. ते लोक झाडीत दिसेनासे होईपर्यंत त्या खांद्यावरचा दोरच मला दिसत होता.

कुंपणाशी रात्री एक करडी मेली होती. राघोजी तिच्याकडे गेले. सवयीनं त्यांचा हात छपराकडे गेला, आणि तिथं काही नव्हतं. मग ते वाकले, करडीला दोन्ही हातांनी उचललं, लेकरू घेतात तसं छातीशी धरलं आणि ओढ्याकडे चालायला लागले.

गुरुजींनी टोपी काढून ओट्यावर ठेवली, कुदळ घेतली आणि त्यांच्या मागे गेले. जमीन फार कडक होती. खड्डा खणून व्हायला आम्हाला पुष्कळ वेळ लागला.